लक्ष्मणावर आलेला आळ दाखवता, मग तो धुतला गेला ते का नाही दाखवत? रामायण बसवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
रामायणावर मालिका, नाटकं, वेबसिरीज, रील्स करणारे सगळे लेखक-दिग्दर्शक, आणि शाळेच्या गॅदरिंगला, रामनवमीच्या उत्सवात रामायण बसवणारी समस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

थेट मुद्द्यावर येते. तुमच्या प्रत्येक रामायणात मारीचाचा प्रसंग असतो, असायलाच हवा, त्याच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. सोन्याचं हरीण उड्या मारत येतं, सीतामाई हट्ट धरते, रामराया धनुष्य घेऊन निघतो, मग लांबून रामाच्या आवाजात हाक येते, सीता लक्ष्मणाला नाही नाही ते बोलते, लक्ष्मण मान खाली घालून ऐकतो, रेषा ओढतो आणि जातो, की लगेच रावण दारात भिक्षा मागायला हजर. तिथून पुढे सगळं रावणाचं, पुष्पकाचं, जटायूचं. आणि लक्ष्मणाचं काय? सख्ख्या भावासारख्या दिराला भावजयीने "तुझा माझ्यावर डोळा आहे" असं तोंडावर ऐकवलेलं असतं, एवढा मोठा आळ, आणि तो पुढे कुणी दूर केला, कुठे, कोणत्या शब्दांत, हे मी आजवर पाहिलेल्या एकाही रामायणात धड आलेलं नाही. वाल्मीकींनी ते लिहून ठेवलंय. चांगलं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही लोक ते कापता.

मी पंचवटीत राहते. आमच्याकडे सीता गुंफेला बाराही महिने रांग असते, तपोवनात कपिला आणि गोदावरीच्या संगमावर लोक फोटो काढत असतात, आणि शूर्पणखेचं नाक इथेच कापलं, म्हणून नाशिक, हे तर इथलं लहान पोरही सांगतं. बाहेरगावहून आलेल्या बायका मुलांना प्रसंग समजावत असतात ते कानावर पडतं. त्यात रेषा असतेच असते. सीतेने रेषा ओलांडली म्हणून सगळं झालं, असं सांगून मोकळे होतात. लक्ष्मणावर आळ आला होता हे निम्म्यांना माहीत असतं, तो खोटा होता असं खुद्द सीतेने सांगितलं हे मात्र एकाच्याही बोलण्यात येत नाही. हा दोष त्या बायकांचा अजिबात नाही. त्यांनी तुमचं रामायण पाहिलंय.

आता ती रेषा. वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मण निघतो तेव्हा रेषा ओढतच नाही. तो एवढंच म्हणतो की वनदेवता तुझं रक्षण करोत, आणि परत परत मागे वळून बघत जातो. तुलसीदासांकडे रेषेचा उल्लेख आहे, पण तोसुद्धा त्या प्रसंगात नाही, पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोमणा मारते त्यात आहे. रेषा लोकांना आवडते, मला काही तिचा राग नाही, लोककथेतून आलेल्या गोष्टीही आपल्याच. पण जी गोष्ट मूळ प्रसंगात नाही तिला तुम्ही पाच-दहा मिनिटं देता, त्यावर आग काढता, ग्राफिक्स करता, पार्श्वसंगीत वाजवता, आणि जी आहे तिच्यासाठी तुमच्याकडे वेळ नसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मारीचाचंही तुम्ही फार लवकर उरकता. तो नुसता कुणीतरी राक्षस नव्हता हो. विश्वामित्रांच्या यज्ञात विघ्न आणायला गेला तेव्हा रामाच्या एका बाणाने शंभर योजनं लांब समुद्रात जाऊन पडलेला. त्यानंतर परत एकदा दोन साथीदार घेऊन हरणाचंच रूप घेऊन दंडकारण्यात रामावर चालून गेला, रामाने तीन बाण सोडले, दोघं मेले, हा कसाबसा वाचला. मग इतका घाबरला की जटा-वल्कलं घालून तप करत बसला. रावणाला तो स्वतः सांगतो की रत्न, रथ असे 'र' पासून सुरू होणारे शब्द ऐकले तरी माझा थरकाप होतो. रावणाला तो जीव तोडून समजावतो सुद्धा, की गोड बोलणारे पायलीला पन्नास मिळतील पण कडू आणि हिताचं सांगणाराही दुर्मिळ आणि ऐकणाराही दुर्मिळ. रावण ऐकत नाही, नाही म्हणालास तर इथेच मारतो म्हणतो, आणि मग मारीच ठरवतो की मरायचंच आहे तर रामाच्या हातून मरू.

आणि इथे एक बारकी गोष्ट आहे, ती तुमच्या स्क्रिप्टमध्ये कायम हरवते. रामाच्या आवाजात हाक मारायची हे मारीचाला मरताना ऐनवेळी सुचलेलं नाही. ते रावणाने आधीच सांगून ठेवलंय. लंकेचा राजा मारीचाच्या आश्रमात बसून आखणी करतोय, की रामाला लांब ने, आणि मग त्याच्या आवाजात 'हा सीते, हा लक्ष्मणा' असं ओरड, म्हणजे दुसराही जागेवरून हलेल. म्हणजे हरीण रामासाठी होतं आणि आवाज लक्ष्मणासाठी. हे एकदा लक्षात आलं की पुढचा सगळा प्रसंगच वेगळा दिसायला लागतो. लक्ष्मण हा त्या कटाचा नेम आहे. त्याला तिथून काढायचं कसं, तर तो थांबला तर वाईट ठरेल आणि गेला तरी वाईट ठरेल अशी कोंडी करायची. थांबला तर भावाला मरायला सोडणारा, गेला तर वहिनीला एकटं टाकणारा. आणि झालंही अगदी तसंच, दोन्हीकडून बोल त्यालाच लागले.

बरं लक्ष्मण भोळा होता का, फसला का, तर तेही नाही! हरीण समोर आल्या आल्या तो रामाला सांगतो की हा मारीच आहे. नाव घेऊन सांगतो. हा असाच रूपं बदलून शिकारीला आलेल्या राजांना मारत आलाय, असं रत्नांचं हरीण जगात कुठे असतं का, ही माया आहे. तुमच्या मालिकेत हे वाक्य आलंच तर इतकं ओझरतं येतं की बघणाऱ्याला वाटतं, लक्ष्मण नेहमीसारखी कुरकुर करतोय. रामाने ते कानाआड केलं असंही नाही. राम म्हणतो, असेल मारीच तर मारतोच त्याला, वातापी राक्षसाने जसं ब्राह्मणांना फसवलं आणि शेवटी अगस्त्यांनी त्याचा निकाल लावला तसं होईल. आणि जाताना सीतेला लक्ष्मणाच्या हवाली करून जातो, जटायूच्या सोबतीने हिला सांभाळ म्हणून.

मग बाण लागतो, हरणाचं कातडं गळून पडतं, राक्षसाचा देह दिसतो आणि तो रामाच्या आवाजात ओरडतो. त्या क्षणी रामाच्या मनात पहिलं काय येतं माहितीय? लक्ष्मणाचं बोलणं. ही मारीचाची माया आहे असं लक्ष्मण आधीच म्हणाला होता, ते खरं निघालं, आणि आता ही हाक ऐकून सीतेचं काय होईल, लक्ष्मणाची काय अवस्था होईल, या विचाराने रामाच्या अंगावर काटा येतो. मला सांगा, यापेक्षा चांगला क्लोजअप कॅमेऱ्याला मिळतो का कधी? रानात एकटा उभा असलेला राम, समोर मेलेला राक्षस, कानात स्वतःचाच आवाज घुमतोय आणि त्याला कळून चुकलंय की तिकडे आपल्या माणसांत आपल्याच आवाजाने आग लागली असणार. तुम्ही त्या जागी विजा कडकडताना दाखवता.

इकडे आश्रमात काय झालं ते मला सौम्य करून दाखवू नका. मुलांसमोर कसं दाखवायचं म्हणून तुम्ही 'तुझं भावावर प्रेमच नाही' इतक्यावर सोडता. वाल्मीकींची सीता फार पुढे जाते. मित्राचं रूप घेतलेला तू भावाचा शत्रू आहेस म्हणते, माझ्यासाठीच तू रामाच्या मागे वनात आलास म्हणते, भरताने पाठवलंय का तुला म्हणते, गोदावरीत जीव देईन, विष घेईन, गळफास लावेन पण दुसऱ्या पुरुषाला शिवणार नाही म्हणते. लक्ष्मण हात जोडून उभा आहे. तो सांगतो की हा रामाचा आवाज नाही, रामाला हरवणारा कुणी नाही, राक्षस रानात नाना प्रकारचे आवाज काढतात, ही त्या राक्षसाची माया आहे. सगळं खरं सांगतोय तो! अक्षर अन् अक्षर खरं. आणि तरी ते ऐकलं जात नाही. मग तो म्हणतो की हे शब्द माझ्या कानात तापलेल्या लोखंडी बाणासारखे घुसतायत, रानातले सगळे जीव साक्षी आहेत की मी न्यायाचं बोललो आणि मला असं ऐकून घ्यावं लागलं. साक्षीला माणूस नाही म्हणून त्याला रानाला साक्षी बोलवावं लागलं, हे वाचताना आजही माझ्या घशात आवंढा येतो.

सीतेला यात खलनायिका करू नका, हे हात जोडून सांगते. ती फसवली गेलीय. नवऱ्याचा आवाज तिने ओळखला आणि तो आवाज हुबेहूब होता, तिच्या जागी कुणीही असतं तरी जीव वरखाली झाला असता. घनदाट अरण्य, चौदा हजार राक्षसांचा जनस्थानात नुकताच संहार झालेला, सूड घ्यायला कुणीतरी येणार हे ठाऊक, आणि तशात ती हाक. भीतीने माणूस जवळच्यालाच आधी ओरबाडतो. आजकाल आवाज क्लोन करून घरी फोन येतात, आई मी अडकलोय, बाबा पैसे पाठवा, आणि शिकलेसवरलेले लोक पोराचा आवाज ओळखून पैसे पाठवून मोकळे होतात, तेव्हा आपण त्यांना मूर्ख म्हणतो का? नाही म्हणत, म्हणूही नये. मग सीतेलाही म्हणू नका. पण आळ खोटा होता हे सांगणं आणि सीतेला दोष देणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्हाला पहिली करताना दुसरीची भीती वाटते म्हणून तुम्ही दोन्ही टाळता, असा माझा अंदाज आहे.

मी हे पत्र का लिहायला घेतलं ते आता सांगते. माझ्या ओळखीतल्या एका तरुण मुलाच्या नावाने, त्याचाच फोटो लावून, कुणीतरी खोटं अकाउंट काढलं आणि त्यावरून सोसायटीतल्या बायकांना घाणेरडे मेसेज गेले. गणपती मंडळात वर्गणीपासून विसर्जनाच्या ट्रॅक्टरपर्यंत सगळं बघणारा पोरगा. ग्रुपवर स्क्रीनशॉट पडले, एकाने लिहिलं, दुसऱ्याने लिहिलं, मग सगळ्यांनीच लिहिलं, तो सांगत राहिला की हे माझं अकाउंट नाही, नंबर बघा, माझा फोन तपासा, आणि बोलता बोलता त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. पुढे तक्रार झाली, ते अकाउंट दुसऱ्याच कुणाचं निघालं, मुलगा पूर्ण निर्दोष. हे सगळ्यांना कळलं. पण कसं कळलं, तर जिन्यात, लिफ्टमध्ये, हळू आवाजात, "अगं तो तसा नव्हता म्हणे" असं. ज्या ग्रुपवर त्याची अब्रू गेली त्या ग्रुपवर एक ओळ कुणी टाकली नाही. त्याला परत अ‍ॅड केलं, तेसुद्धा न बोलता. त्याची आई अजून हळदीकुंकवाला यायचं टाळते. आळ चव्हाट्यावर येतो आणि सुटका दबक्या आवाजात होते, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही. म्हणून मला रामायणातला तो दुसरा प्रसंग मोठ्या आवाजात हवाय.

तर पुढे काय होतं बघा. रस्त्यात राम आणि लक्ष्मण समोरासमोर येतात. लक्ष्मणाला एकटं बघून रामाच्या काळजाचं पाणी होतं. लक्ष्मण त्याला घडलेलं सगळं सांगतो, सीतेने नेमकं काय बोल लावले तेही लपवत नाही. विचार करा, स्वतःवर आलेला असला घाणेरडा आरोप स्वतःच्या तोंडाने, ज्याच्या बायकोबद्दल आहे त्यालाच सांगायचा. मनात पाप असलेला माणूस हे सांगेल का? आणि राम त्याच्यावर रागावतो. संतापलेल्या बाईचं बोलणं मनावर घेऊन तू तिला सोडून आलास हे मला पटलेलं नाही म्हणतो. माझं प्रामाणिक मत आहे की हा अन्याय होता, दुःखातून झालेला पण अन्यायच, कारण लक्ष्मण खरा होता हे रामाला हरीण पडलं तेव्हाच कळलं होतं. एक मात्र आहे. राम त्याला निघून आल्याबद्दल रागावतो, वाईट नजरेबद्दल चकार शब्द काढत नाही. ती शंका त्याच्या मनाला शिवतही नाही. हे दाखवा ना. नटाच्या चेहऱ्यावर दाखवता येईल असंच आहे.

आणि दुःखात रामाचीसुद्धा नजर कशी चुकते ते जटायूच्या वेळी दिसतं. रक्ताने माखलेला जटायू दिसला की राम म्हणतो, हा गिधाडाच्या रूपातला राक्षस आहे, यानेच सीतेला खाल्लं, यात शंका नाही, आणि बाण लावतो! ज्या म्हाताऱ्याने सीतेसाठी पंख तोडून घेतले त्याच्यावर बाण. जटायू तोंडातून रक्त ओकत ओकत सांगतो की तिला रावणाने नेलं, आणि मग राम धनुष्य टाकून त्याला मिठी मारतो, रडतो, बापासारखे त्याचे अंत्यसंस्कार करतो. आमच्या जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात टाकेदला सर्वतीर्थ म्हणतात ते त्याच जटायूचं स्थान म्हणून, महाशिवरात्रीला तिथे तुडुंब गर्दी असते. तुम्ही जटायूची लढाई दाखवता, मरण दाखवता, पण रामाने आधी त्याच्यावर बाण रोखला होता हे गाळता. रामाची प्रतिमा खराब होईल म्हणून. अहो, एकदा मायावी राक्षस घरात शिरून गेला की मग खरा मित्रही राक्षस दिसायला लागतो, हे वाल्मीकींना सांगायचंय, आणि राम लगेच धनुष्य टाकून लक्ष्मणासमोर त्याला जवळ घेतो यात त्याची प्रतिमा खराब कशी होईल?

किष्किंधेत सुग्रीव सीतेचे दागिने दाखवतो तो प्रसंग तुम्ही सगळेच करता आणि चांगला करता, त्याबद्दल मनापासून आभार. प्रचलित प्रतींत तिथे लक्ष्मणाचा तो प्रसिद्ध श्लोक आहे, की बाजूबंद मी ओळखत नाही, कुंडलं ओळखत नाही, पण पैंजण ओळखतो कारण रोज पाया पडायचो. कीर्तनात हे आलं की मंडपात सन्नाटा होतो, अनुभव आहे. पण एक जोड द्या, एवढीच विनंती. हा श्लोक आपण लक्ष्मणाच्या मर्यादेचं कौतुक म्हणून ऐकतो, वेगळं सुभाषित असल्यासारखं. तो मारीचाच्या प्रसंगानंतर येतो. ज्याच्यावर वाईट नजरेचा आळ आला तो माणूस भावासमोर, सुग्रीवासमोर, वानरांसमोर सांगतोय की मी तिच्या पायांवरून वर पाहिलेलंच नाही. त्याला तसं स्वतःची बाजू मांडायची नसेलही, पण ऐकणाऱ्याला ते दोन प्रसंग शेजारी ठेवून दिसले पाहिजेत. एक साधा फ्लॅशबॅक पुरतो, तापलेल्या बाणासारखे ते शब्द आणि मग हे पैंजण.

आता मुख्य. सुंदरकांड. अशोकवन. हनुमान यायच्या आधीच सीता एकटी विलाप करताना म्हणते की हरणाचं रूप घेऊन तो काळच आला होता, मला दुर्दैवीला त्याने भुलवलं आणि मी मूर्खाने आर्यपुत्रांना आणि लक्ष्मणालाही दूर पाठवलं. कुणी ऐकायला नाही, राक्षसिणींच्या पहाऱ्यात आहे, कुणाला खूश करायचं नाही, आणि तेव्हा ती हे स्वतःशी म्हणते. 'मी मूर्खाने' हे शब्द तिचे आहेत, माझे नाहीत.

मग हनुमान भेटतो, अंगठी देतो, ते तुम्ही दाखवताच. खूण म्हणून ती चित्रकूटावरची कावळ्याची गोष्ट सांगते, इंद्राचा मुलगा कावळ्याचं रूप घेऊन तिला टोचायला आला होता ती. बघा, तिथेही रूप बदलून आलेलाच कुणीतरी. आणि त्यानंतर, चूडामणी काढून द्यायच्या आधी, ती लक्ष्मणाबद्दल बोलते, आणि सावकाश, सविस्तर बोलते. म्हणते की त्याला माझ्या वतीने खुशाली विचार. ऐश्वर्य सोडून, सुमित्रेला सोडून तो भावामागे वनात आला. रामाला तो वडिलांच्या जागी मानतो आणि मला आईच्या. मला पळवून नेलं तेव्हा त्या वीराला ते कळलंही नव्हतं. रामाला तो माझ्यापेक्षाही प्रिय आहे. त्याच्याकडे बघून रामाला गेलेल्या वडिलांची आठवण होत नाही. 

हे वाचून मी पहिल्यांदा पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले होते. एकेक वाक्य त्या दिवशीच्या आरोपाला उत्तर आहे. तेव्हा म्हणाली होती माझ्या लोभाने वनात आलास, आता म्हणते भावाच्या प्रेमाने सगळं सोडून आला. तेव्हा म्हणाली होती वाईट नजर, आता म्हणते मला आई मानतो. तेव्हा म्हणाली होती भावाचा शत्रू, आता म्हणते रामाला माझ्याहून प्रिय. आणि त्याला माहीतच नव्हतं, हे तर सरळ सरळ निर्दोष सोडणं आहे, की मला पळवून नेलं त्यात त्याचा काही दोष नाही. आणि हे ती कुणासमोर म्हणते? रामाच्या दूतासमोर. म्हणजे हे बोलणं निरोप म्हणून जाणार आहे हे तिला माहितीय. राजाची मुलगी, राजाची सून, कैदेत पडलेली, रावणाने दिलेल्या मुदतीतले दोनच महिने उरलेत, बोलायला वेळ थोडा आणि पहारा कडक, आणि त्या वेळातला एवढा मोठा भाग ती दिराचं नाव स्वच्छ करायला देते. मला रामायणात सीतेची जी काही रूपं आवडतात त्यात हे सगळ्यात वरचं आहे. अग्निपरीक्षेपेक्षा वर. तिच्याकडे तेव्हा शस्त्र नव्हतं, सैन्य नव्हतं, तरी मारीचाने आणि रावणाने मिळून केलेलं एक काम तिने त्या झाडाखाली बसून पूर्ण पुसून टाकलं.

तुमच्याकडून मला येणारी उत्तरं माहीत आहेत. वेळ नाही, एपिसोड बावीस मिनिटांचा असतो, गॅदरिंगला एका वर्गाला दहाच मिनिटं मिळतात. मान्य. मग अशोकवनात राक्षसिणींचा नाच कमी करा, हनुमानाने फळं खाऊन बाग उद्ध्वस्त केली ते कमी करा, पोरांना आवडतं हे खरं पण त्यातली दोन मिनिटं निघतील. काही जण म्हणतील की प्रेक्षकांना भावनिक गोष्टी नको असतात, ॲक्शन हवी असते. मला हे पटत नाही. चूडामणी देताना आमच्याकडे उत्सवात म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसतात, त्यांना काय ॲक्शन बघायची असते? आणि काही जण म्हणतील लहान मुलांसमोर वाईट नजर वगैरे विषय कसा काढायचा. मुलांना आरोप कळतो. वर्गात डबा चोरल्याचा आळ कुणावर आला आणि डबा नंतर दुसऱ्याच्या दप्तरात सापडला, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. त्या भाषेत बसवा. पण बसवा.

गॅदरिंग बसवणाऱ्या बाईंना वेगळं सांगते. लक्ष्मणाची भूमिका आपण नेहमी वर्गातल्या रागीट, दंगेखोर मुलाला देतो, भुवया उंचावून धनुष्य नाचवणाऱ्या. एकदा शांत मुलाला देऊन बघा. अशोकवनात सीता बोलत असताना स्टेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याला नुसतं उभं करा, त्याला ऐकू जात नाहीये पण प्रेक्षकांना तो दिसतोय. संवाद पाठ करायचे झाले तर सीतेच्या तोंडी चारच वाक्यं द्या, वर लिहिलीत त्यातली, सोप्या मराठीत. आणि ती मोठ्याने म्हणायला सांगा, मागच्या रांगेत बसलेल्या पालकांना ऐकू गेली पाहिजेत इतक्या मोठ्याने.

मालिकावाल्यांना, रेषा हवी तर ठेवा. पण मारीचाच्या एपिसोडच्या प्रोमोमध्ये जर सीतेचा आरोप वापरणार असाल, आणि वापरताच, तर अशोकवनाच्या एपिसोडच्या प्रोमोमध्ये तिची साक्षही वापरा, तेवढ्याच वेळा, त्याच चॅनलवर, त्याच वेळेला. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे, देशभरातून लोक पंचवटीत येतील, त्यानिमित्ताने तुमच्यातले बरेच जण रामायणावर काही ना काही करणार हे उघड आहे. स्क्रिप्ट आत्ताच लिहिली जात असतील. सुंदरकांडाचा अडतिसावा सर्ग काढून बघा, कावळ्याची गोष्ट संपली की लगेच पुढे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पंचवटीतली एक प्रेक्षक